दुमरेनीसाठी अनवाणी

आमच्या फोरमनसाहेबांनी जन्मात फुटबॉलचा सामना पाहिला नव्हता. नगरला कॅम्पात जवान खेळायचे, ते मी लहानपणी कुंपणाला लटकून पाहिलेलं. साहेबांच्या वाट्याला तेवढंही आलं नव्हतं. आणि तरीही एकाहत्तर-बहात्तरच्या त्या वर्षात आमच्या साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये रुमानियाच्या दुसऱ्या वर्गाच्या फुटबॉलबद्दल कोणी अडाणीपणा दाखवला, तर साहेब त्याला दिवसभर बेअरिंगं पुसायला बसवत. पहिल्या वर्गाबद्दल अज्ञान चालत असे. पहिल्या वर्गाचं त्यांना काही पडलेलं नव्हतं.

"वरच्या वर्गात काय हाय?" ते म्हणत. "तिथं समदे पोट भरलेले. खरी झुंज खालच्या वर्गात. वर जायाची आस बी तिथंच, आन् आनखी खाली जायाचं भ्या बी तिथंच."

मी तेव्हा स्टोअरमध्ये कारकून होतो. नगरच्या कॉलेजातून इंग्रजी घेऊन बी.ए. झालो होतो आणि त्या इंग्रजीचा उपयोग नटबोल्टांची नावं लिहिण्यापलीकडे होईल असं मला वाटत नव्हतं. साहेब पाथर्डीकडचे. हेल्पर म्हणून लागलेले, वीस-पंचवीस वर्षांत मिलचे फोरमन झालेले. उंच, काटक, कानामागे खडूचा तुकडा, आणि हातात कायम एक वीतभर मुठीचा लांबलचक स्क्रू-ड्रायव्हर. त्याचं टोक चालत्या बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे, ही त्यांची तपासणी. "मशीन बोलतं. आपुन तोंड मिटून ऐकावं," असं ते सांगत, आणि नंतर तासभर स्वतःच बोलत.

हे सगळं सुरू झालं ते यॉनमुळे. कारखान्याच्या शेतीसाठी रुमानियाहून ट्रॅक्टर आले होते आणि ते चालते करून द्यायला त्यांच्याबरोबर यॉन नावाचा एक मेकॅनिक आला होता. लालबुंद, मानेला जाड, केस गव्हाच्या काडासारखे. त्याला मराठी येत नव्हती, साहेबांना इंग्रजी येत नव्हती, आणि यॉनचं इंग्रजी ऐकल्यावर माझंही मला येईनासं होई. पण त्या दोघांचं काही अडलं नाही. एकाने हात पुढे केला की दुसरा नेमका हवा तोच पाना त्यात ठेवी. दिवाळीनंतर आलेला यॉन मृगापर्यंत राहिला आणि त्या काळात त्याचं संध्याकाळचं जेवण साहेबांच्या क्वार्टरमध्येच ठरलेलं. काकू, म्हणजे साहेबांच्या पत्नी, त्याला बाजरीची भाकरी आणि ठेचा वाढत. तो रडत रडत खाई आणि पुन्हा ताट पुढे करी.

पहिल्याच आठवड्यात एका संध्याकाळी यॉन जेवून उठला, ओट्यावर काढून ठेवलेले बूट घ्यायला वाकला आणि त्यातून हा एवढा विंचू निघाला. साहेबांनी ओरडून त्याला मागे ओढलं. तेव्हापासून यॉन निघाला की साहेब आतून हाक देत, "बूट झाडून घाल रे." यॉनही रोज आज्ञाधारकपणे बूट उलटे करून आपटे. हळूहळू ते शब्द त्याला पाठ झाले, आणि निरोप घेताना तो ते प्रत्येकाला हसत हसत ऐकवू लागला. कारखान्याच्या चेअरमनसाहेबांनाही त्याने जीपपर्यंत पोहोचवून, छातीवर हात ठेवून सांगितलं, "बूट झाडून घाल." चेअरमननी गाडीत बसता बसता एकदा स्वतःच्या बुटांकडे पाहिल्याचं मला आठवतं.

यॉनचं गाव दुमरेनी. तिथल्या ट्रॅक्टर कारखान्याच्या कामगारांचा फुटबॉल संघ होता आणि यॉनचा धाकटा भाऊ त्यात गोलकीपर होता. तो संघ पहिल्या वर्गातून खालच्या वर्गात घसरला होता. हे यॉनने आम्हाला वर्कशॉपच्या फरशीवर खडूने सांगितलं. एकाखाली एक रेघा ओढल्या, त्यातली एक बोटाने पुसली आणि पार खाली जाऊन पुन्हा काढली. मग तिथेच उकिडवा बसून राहिला. एवढा दांडगा गडी, पण त्याचे डोळे भरून आले. साहेबांनी ती खालची रेघ कुणाला पुसू दिली नाही. त्या जागी दिवसभर एक पाटी पालथी घालून ठेवली होती.

मृगाच्या तोंडावर यॉन जायला निघाला. जाताना त्याने साहेबांना संघाची निळी-पांढरी तिकोनी पताका दिली. साहेबांनी ती देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला अडकवली आणि दुसऱ्या दिवशी काकूंनी तिला कुंकू लावलं. साहेब मात्र अस्वस्थ होते. त्याला उलट द्यायला त्यांच्याकडे काही नव्हतं. टॉवेल-टोपी दिली, गूळ दिला, पण तेवढ्याने त्यांचं समाधान होईना. बेलापूरच्या स्टेशनवर यॉनची गाडी हलली तशी त्यांनी पायातले बूट काढले, त्यांच्या नाड्या एकमेकींना बांधल्या आणि बूट खांद्यावर टाकले. मी विचारलं, हे काय.

"मढीच्या कानोबाला बोललोय," ते म्हणाले. "दुमरेनी वर जाईस्तोवर पायात घालनार न्हाई. वर गेली की मढीला रेवड्या वाटीन."

मी म्हणालो, साहेब, यॉनला हे कळणारसुद्धा नाही. त्यावर ते जे म्हणाले ते मी अजून विसरलेलो नाही. ते म्हणाले, "त्यानं त्याची पताका दिली. माझ्यापाशी देव हुता, मी देव दिला."

आता नवस बोलला म्हटल्यावर दुमरेनीची खबर ठेवणं आलं. साहेबांकडे एक जुना मोठा रेडिओ होता. बुखारेस्टचं केंद्र हिंदुस्थानासाठी संध्याकाळी इंग्रजीत बोलतं, हे यॉनने जाण्यापूर्वी दाखवून दिलेलं होतं. साहेबांनी छपरावरून समोरच्या लिंबापर्यंत तांब्याची तार ओढली, काट्याजवळ खडूने खूण केली आणि माझी भाषांतरकार म्हणून नेमणूक केली. पगार म्हणून रविवारचं जेवण. काकूंच्या हातची शेंगदाण्याची आमटी खाल्ल्यावर मी रुमानियाच काय, चंद्रावरच्याही बातम्या सांगायला तयार झालो असतो.

दिवेलागण झाली की आम्ही बसायचो. रेडिओ खरखरू लागला की साहेब त्याच्या लाकडी पेटीला स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवून मूठ कानाला लावत. त्याने काय ऐकू येई कोण जाणे, पण "आली, आली, दम धर," असं ते म्हणत आणि खरोखरच आवाज येई. आधी तिकडच्या राष्ट्राध्यक्षांचं भाषण, मग पोलादाचं उत्पादन, मग समूहगान, आणि एवढं सगळं सोसल्यावर फुटबॉल. खालच्या वर्गाचे निकाल कधी सांगत, कधी वेळ संपला म्हणून गाळत. गाळले की साहेबांचं जेवण हराम होई.

नियम मी त्यांना समजावले ते असे: खालच्या वर्गात संघांचे दोन गट, प्रत्येक गटात जो पहिला येईल तोच वर जाणार. जिंकलं तर दोन गुण, बरोबरी झाली तर एक. यातली बरोबरी साहेबांना शेवटपर्यंत मानवली नाही. कुस्ती बरोबरीत सुटली तर दोघांनीही तोंड लपवून घरी जावं, त्यांना गुण कसले देता, असं त्यांचं मत. दुमरेनीची बरोबरी झाली की ते यॉनच्या भावाला सोडून बाकी दहा जणांना शिव्या घालत. फरशीवर खडूने मैदान आखून, नट मांडून ते कुणी कुठं उभं राहायला हवं होतं ते दाखवत. त्यांच्या मांडणीत सगळेच्या सगळे गोलच्या तोंडाशी असत. "दारंच अडवून धरली तर चोर शिरंल कुठून?" असं विचारत.

डिसेंबरात तिकडे बर्फ पडतं म्हणून खेळ बंद झाला. मार्चपर्यंत खेळ नाही हे मी सांगितलं तेव्हा साहेब सुन्न झाले. मग त्यांनी मला बुखारेस्टच्या केंद्राला पत्र लिहायला बसवलं. मी नम्रपणे लिहिलं की खालच्या वर्गाचे निकाल कृपया दर आठवड्याला सांगावेत. साहेब म्हणाले, "आन् ल्ही, हितं मानूस अनवानी हाय. जरा लवकर लवकर खेळा म्हनावं." मला इतकी लाज वाटली की काय सांगू. पण मी लिहिलेल्या ओळीओळीचा अर्थ त्यांनी मला सांगायला लावला, त्यामुळे यॉनचं नाव, नवस, बूट, सगळं त्यात घालावं लागलं. उत्तर आलं नाही. येईल असं मला वाटलंही नव्हतं.

इकडे कारखान्याचं गाळप जोरात होतं आणि मिल हाऊसमध्ये अनवाणी माणूस ही गंमत राहिली नव्हती. खाली तापलेले पत्रे, लोखंडाचा कीस, सांडलेलं तेल. पौषात एक जड नट वरून निसटला आणि साहेबांच्या पायाच्या अंगठ्यावर पडला. नख गेलं. साहेब पट्टी बांधून पुन्हा कामाला लागले. पण चीफ इंजिनिअर पुण्याचे, शिस्तीचे. त्यांनी बोलावून सांगितलं की बूट घाला, नाहीतर मिलमध्ये पाऊल टाकू नका. साहेब म्हणाले, मंग न्हाई टाकत. आणि ज्या मिलचा आवाज ते झोपेतही ओळखत, ती सोडून ते बाहेर काट्यावर, उसाच्या गाड्या वजन करतात तिथे, जाऊन उभे राहिले.

चीफ मनाचे वाईट नव्हते. मिलला असा कान पुन्हा मिळणार नाही हे त्यांना कळत होतं. फाल्गुनात त्यांनीच एक तोड काढली: गावच्या भैरोबाला कौल लावू, देवाने परवानगी दिली तर नवसाला बाध न येता बूट घालता येतील. साहेब लगेच तयार झाले. भैरोबा आणि कानोबा एकमेकांच्या शब्दाबाहेर नाहीत, असंही म्हणाले. गुरवाने देवाच्या दोन्ही खांद्यांना फुलं चिकटवली. उजवं पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. चीफ टाय सावरून हात जोडून उभे. साहेबांनी डोळे मिटून मनातल्या मनात देवाला प्रश्न घातला. बराच वेळ गेला आणि उजवं फूल टपकन खाली पडलं.

चीफ आनंदले. म्हणाले, "चला, झालं. बूट घाला आणि मिलवर या."

"बुटाचं मी इचारलंच न्हाई," साहेब म्हणाले. "मी इचारलं, रविवारी दुमरेनी जित्तीय का."

चीफ जीपमध्ये जाऊन बसले. रविवारी दुमरेनी तीन-एकने जिंकली, आणि सोमवारी मला चीफच्या केबिनमधून निरोप आला की काय निकाल लागला ते कळवा. त्यानंतर दर सोमवारी हा निरोप येऊ लागला.

काट्यावर साहेब गेल्याने झालं काय, की दुमरेनी सगळीकडे झाली. ऊसतोडीला आलेली निम्मी माणसं पाथर्डीकडची, साहेबांच्या ओळखीपाळखीची. गाडी काट्यावर चढेपर्यंत तासन् तास रांगेत उभं राहायचं, तेवढ्यात साहेब बैलाच्या पाठीवर हात फिरवत त्यांना सामना सांगत. ती माणसं तो आपल्या कोप्यांवर, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांवर, जाऊन सांगत आणि तिथून तो पुढच्या फडात जाई. उसाच्या गाडीवर बसलेल्या बाया लांबूनच विचारत, "भाऊ, आपलं दुमरेनी काय म्हनतंय?" दुमरेनी हे गाव कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. काहींचा समज ते गेवराईच्या पलीकडे असावं असा होता. पण ते वर गेलं पाहिजे याबद्दल दुमत नव्हतं, कारण भाऊंचे पाय सगळ्यांना दिसत होते. टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. काकू रात्री त्यात मेण भरत आणि भरता भरता रुमानियाला बोल लावत.

वैशाखात गाळप संपलं, माणसं गावी गेली. दुमरेनी दुसरी होती, पहिल्या संघाच्या एकाच गुणाने मागे. मग एका रविवारी तो पहिला संघ बरोबरीत अडकला आणि दोघांचे गुण सारखे झाले. मला आता झोप लागेना. मी, जो या सगळ्याला हसत होतो, तो स्टोअरच्या खिडकीत बसून दुमरेनीने किती गोल घातले आणि किती खाल्ले याच्या बेरजा करू लागलो. याच सुमारास चीफनी मला बोलावून सांगितलं की वरून दट्ट्या आहे. ओव्हरहॉलिंग सुरू झालंय, मिलला फोरमन हवा, कोल्हापूरकडचा एक माणूस महिनाअखेर रुजू होईल. तोवर तुमच्या साहेबांनी बूट घातले तर ठीक. ते साहेबांनाही माहीत होतं. ते फक्त म्हणाले, "शेवटचा सामना त्याच्या आधीच हाय."

शेवटच्या रविवारी क्वार्टरपुढे जत्रा भरली. पाथर्डीहून एस.टी.ने माणसं आली होती. काकूंनी चहाचं पातेलं चुलीवरून उतरवलंच नाही. वर्कशॉपची सगळी पोरं, कॉलनीतल्या बायका, आणि सगळ्यांच्या मागे, जणू सहज फिरायला आल्यासारखे, चीफ. भाषण झालं, पोलाद झालं, समूहगान झालं. निवेदकाने पहिल्या वर्गाचे निकाल सांगितले. मग म्हणाला, आता दुसरा वर्ग. पहिला गट सांगितला. दुसरा गट म्हणाला, आणि दुसऱ्या कुठल्याशा केंद्राची शिट्टी त्याच्यावर चढली. साहेबांनी स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, पेटीवर थाप मारली, पोरं तार हलवायला छपरावर चढली. शिट्टी थांबली तेव्हा रुमानिया संपलेलं होतं.

त्या आठवड्यात मी नगरला जाऊन वाचनालयातली सगळी इंग्रजी वर्तमानपत्रं चाळली. त्यात टेनिस होतं, घोड्यांच्या शर्यती होत्या, दुमरेनी कशाला असेल. गुरुवारी चीफ स्टोअरमध्ये आले, दार लोटलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "तुम्ही सांगून टाका, जिंकले म्हणून. मी नगरहून कळल्याचं बघतो. नाहीतर मिल हातची जाईल हो त्यांच्या." त्यांचं म्हणणं मला पटलं. खरंच पटलं. मी तसाच उठून साहेबांकडे गेलो. ते ओट्यावर बसून टाचेला मेण लावत होते. मी तोंड उघडणार तोच त्यांनी वर पाहिलं.

"तू सांगशील त्ये मी कानोबाला सांगनार हाय," ते म्हणाले. "म्हनून बघून सांग."

मी चहा पिऊन परत आलो.

पुढच्या रविवारी फारसं कोणी नव्हतं. हंगाम संपलेला, आता फुटबॉल असणार नव्हता. मी, काकू, साहेब, आणि कुंपणापाशी चीफ. त्या दिवशी श्रोत्यांच्या पत्रांचा कार्यक्रम होता. स्वीडनच्या कुणीतरी काही विचारलं होतं, सिलोनच्या कुणीतरी. मी कंटाळून भाषांतर सोडून दिलं होतं. आणि एकदम माझ्या कानावर आमच्या तालुक्याचं नाव पडलं. मोडकंतोडकं, पण आमचंच.

निवेदिका म्हणाली की हिंदुस्थानातल्या एका साखर कारखान्यातून पत्र आलं आहे. तिथे एक फोरमन वर्षभर अनवाणी चालतो आहे. हे पत्र आम्ही दुमरेनीला पाठवलं आणि तिथे ते शेवटच्या सामन्याआधी खेळाडूंना वाचून दाखवण्यात आलं. मी भराभर सांगत होतो. काकू पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. चीफ कुंपण ओलांडून कधी अंगणात आले ते कळलं नाही. निवेदिका म्हणाली की दुमरेनीहून यॉन नावाच्या मेकॅनिकने या श्रोत्यासाठी निरोप दिला आहे. तो आपल्या भाषेत नाही, आम्हाला त्याचा अर्थ ठाऊक नाही, पण त्याने आमच्याकडून अक्षर न् अक्षर घोकून घेतलं आहे, तसाच आम्ही वाचतो.

मग ती थांबली, आणि एकेक शब्द सुटा करून, चुकत, अडखळत म्हणाली, "बूट. झाडून. घाल."

मी भाषांतर करायला तोंड उघडलं आणि मिटलं. साहेब उठले होते. आत भिंतीवर, पताकेखाली, नाड्या बांधलेले बूट वर्षभर टांगलेले होते. त्यांनी ते उतरवले. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्यांच्या लक्षात आलं नाही. ते ओट्याच्या कडेला बसले. आधी एक बूट उलटा करून पायरीवर आपटला, मग दुसरा. धूळ निघाली, कोळ्याचं जाळं निघालं, विंचू काही निघाला नाही. त्यांनी दोन्ही बुटांत नीट डोकावून पाहिलं, आणि मगच पाय घातले.